स्पीड ग्राफिकची दोन शटर, तिची लेन्स आणि रिंगवर कोरलेले आकडे

मंचरहून एका तरुण छायाचित्रकाराने विचारलं आहे. मामांनी अमेरिकेतून त्याला जुनी ४×५ इंची पेसमेकर स्पीड ग्राफिक, म्हणजे मोठ्या फिल्मचा वृत्तछायाचित्रकारांचा कॅमेरा, आणून दिली. पुढे १२७ मिमीची एफ/४.७ कोडॅक एक्टार लेन्स आहे. तक्रारी तीन. पुढच्या शटरवर १/४०० सेकंदाला काढलेली निगेटिव्ह फार दाट, म्हणजे जास्त प्रकाशाने काळपट, येतात. बैलगाडा शर्यतीत मागच्या पडद्याच्या शटरवर काढलेल्या फोटोंत बैल आणि चाकं पुढच्या अंगाला कललेली दिसतात. आणि माणसांचे जवळून फोटो काढायचे तर दुसरी कोणती लेन्स घ्यावी?

तुमची चार निगेटिव्ह मी लाइटबॉक्सवर ठेवून नीट पाहिली. तुमच्या मोजमापात चूक नाही, कॅमेराही बिघडलेला नाही. तुम्ही शटरवर कोरलेला आकडा खरा धरलात, एवढंच झालं आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या यंत्रावरचा आकडा म्हणजे कारखान्यातून निघतानाची त्याची तब्येत. आजची तब्येत आपणच मोजायची आणि लेन्सही त्या मापावरून निवडायची.

आधी कॅमेऱ्याबद्दल थोडं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात १९१२ पासून स्पीड ग्राफिक बनू लागली, आणि वेगवेगळ्या रूपांत सत्तरच्या दशकापर्यंत बनत राहिली. तुमचं पेसमेकर मॉडेल १९४७ पासूनचं. त्याच वर्षी तिची बहीण क्राऊन ग्राफिक आली. दिसायला तीच, पण मागचा पडदा नाही, म्हणून हलकी आणि अंगाने सडपातळ. स्पीडमध्ये दोन शटर असतात. एक लेन्सच्या आत, धातूच्या पातळ पाकळ्यांचं. दुसरं फिल्मच्या अगदी पुढे, रबर चढवलेल्या कापडाच्या लांब पडद्याचं. त्या पडद्याला कमी-जास्त रुंदीच्या फटी असतात, आणि त्यांतली एखादी फट फिल्मसमोरून वरून खाली धावते.

एक शटर वापरायचं तेव्हा दुसरं सताड उघडं हवं. पुढचं चालवायचं असेल तर मागचा पडदा ‘टी’वर, म्हणजे पूर्ण खिडकी मोकळी. मागचं चालवायचं असेल तर पुढच्या पाकळ्या ‘टी’वर उघडून ठेवायच्या. हे इतकं लिहितोय कारण सुरुवातीच्या काळात एका लग्नात मी सहा फिल्म अशाच कोऱ्या घालवल्या. पुढचं शटर व्यवस्थित वाजत होतं, फ्लॅशही उडत होता, आणि मागे पडदा बंद होता. त्या कुटुंबाकडे त्या क्षणांचा दुसरा फोटो नव्हता. तेव्हापासून फिल्म होल्डर लावण्याआधी मी मागची काच उघडून डोळ्याने बघतो, आरपार उजेड दिसतो की नाही. तुम्हीही हाताला तीच सवय लावा.

आता दाट निगेटिव्हचं बघू. त्यामागे दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली आहेत.

पहिलं कारण वय. पाकळ्यांच्या शटरमधली स्प्रिंग थकते, जुनं वंगण चिकट होतं. कोरलेल्या १/४०० ला प्रत्यक्षात १/२५० मिळालं तर मी ते शटर चांगलं समजतो.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. पाकळ्या एका क्षणात उघडत नाहीत. मधोमध आधी टाचणीएवढं भोक पडतं, ते पसरत कडेपर्यंत जातं, पूर्ण उघडं राहतं आणि पुन्हा कडेकडून मिटत येतं. समजा उघडायला १ मिलिसेकंद, पूर्ण उघडं १.५ मिलिसेकंद आणि मिटायला १ मिलिसेकंद लागलं. लेन्स एफ/४.७ वर पूर्ण उघडी असेल तर उघडण्या-मिटण्याच्या वेळेत सरासरी अर्धाच प्रकाश आत येतो. म्हणजे हिशेबाला मिळाले २.५ मिलिसेकंद, बरोबर १/४००. पण तुम्ही अ‍ॅपर्चर एफ/१६ वर आणलंत, म्हणजे प्रकाश आत सोडणारं लेन्समधलं भोक बारीक केलंत, तर मधलं ते बारीक भोक जवळजवळ पहिल्याच क्षणी मोकळं होतं आणि शेवटच्या क्षणापर्यंत मोकळं राहतं. आता मिळाले जवळपास ३.५ मिलिसेकंद, म्हणजे १/२८५ च्या आसपास. शटर तेच, रिंगही तिथेच, आणि प्रकाश अर्धा स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). तुम्ही भर उन्हात एफ/१६ वर काम केलंत. थकलेल्या स्प्रिंगचा एक हिस्सा आणि बारीक अ‍ॅपर्चरचा एक हिस्सा मिळून स्टॉपभर जास्त प्रकाश सहज जातो. तुमच्या निगेटिव्हवरचा दाटपणा साधारण तेवढाच आहे. हा परिणाम वरच्या एक-दोन वेगांवरच जाणवतो. १/५० ला उघडण्या-मिटण्याची वेळ एकूण वेळेपुढे किरकोळ ठरते.

शटर मोजायचं कसं? कमी वेगांसाठी फोन पुरतो. सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ लावा, शटरमागे पांढरा उजेड ठेवा, आणि उजेड किती फ्रेममध्ये दिसतो ते मोजा. एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. १/२५ ला साडेनऊच्या आसपास फ्रेम दिसायला हव्यात. चौदा-पंधरा दिसल्या तर शटर रेंगाळतंय. पण १/१०० च्या वर ही युक्ती चालत नाही, कारण १/४०० तर एका फ्रेममध्येच संपून जातं. तिथे फोटोडायोड लागतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. त्याची तार लॅपटॉपच्या माइकच्या खोबणीला जोडायची, एका बाजूने विजेरी धरायची, मध्ये शटर. आवाज रेकॉर्ड करणाऱ्या कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये प्रकाशाचा उंचवटा दिसतो आणि त्याची रुंदी मिलिसेकंदांत वाचता येते. प्रत्येक वेगावर पाच-सहा वेळा मोजा. आकडा कमी निघाला तरी दर वेळी तेवढाच येत असेल तर शटर कामाचं आहे. दर वेळी वेगळा येत असेल तर ते साफ करायलाच हवं.

साफ म्हणजे तेल घालणं नव्हे, हे कळकळीने सांगतो. तेलाचा एक थेंब पाकळ्यांवर पसरला की त्या एकमेकींना चिकटतात, आणि मग सगळं शटर खोलावं लागतं. कमी वेगांचं छोटं दातेरी चाक अडखळत असेल तर ते लायटरमध्ये भरतात त्या शुद्ध पेट्रोलने धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि थांबायचं. हात बसलेला नसेल तर जाणत्या कारागिराकडेच द्या. दुसरी गोष्ट, आधी वेग लावायचा आणि मग शटर ताणायचं. अशा बऱ्याच जुन्या शटरमध्ये सर्वांत वरच्या वेगासाठी वेगळी जादा स्प्रिंग असते. शटर ताणल्यावर रिंग तिकडे ढकलली तर आतला नाजूक भाग तुटू शकतो.

आता कललेले बैल. मला स्वतःला तुमच्या प्रश्नातला हा सगळ्यात रंगतदार भाग वाटतो.

मागच्या शटरवर १/१००० लिहिलं म्हणजे सगळी फिल्म १/१००० सेकंदात उजळली, असं नसतं. फिल्मचा प्रत्येक ठिपका तेवढाच वेळ उजळतो, पण ठिपके एकामागून एक उजळतात. फट १/८ इंचाची, म्हणजे ३ मिमीहून जरा जास्त असेल आणि ठिपक्याला १/१००० सेकंद मिळत असेल, तर पडदा सेकंदाला साधारण ३ मीटरने धावतोय. फिल्मची उंची ९५ मिमीच्या आसपास. ती पार करायला पडद्याला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. समजा गाडा सेकंदाला १० मीटर पळतोय. तेवढ्या वेळात तो ३० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो.

लेन्स चित्र उलटं टाकते, म्हणून जमीन फिल्मच्या वरच्या भागात येते. पडदा वरून खाली येतो तेव्हा आधी खुरं आणि चाकाचा तळ टिपला जातो, शिंगं आणि चाकाचा माथा नंतर. तोवर गाडा पुढे सरकलेला असतो, म्हणून सगळं पळण्याच्या दिशेला कलतं. फ्रेंच छायाचित्रकार लार्तिग यांच्या शर्यतीच्या मोटारीच्या प्रसिद्ध फोटोत हेच झालं आहे. चाक पुढे झुकलेलं, लंबगोल. त्यांनी कॅमेरा गाडीसोबत फिरवला होता, म्हणून कडेची माणसं मात्र उलटीकडे कलली. पुढे वेग दाखवायला चाकं पुढे झुकवून काढायची रीतच चित्रकारांत पडली.

इथे एक बारकावा आहे. कल किती पडेल हे शटरच्या आकड्यावर ठरत नाही. फिल्मवर प्रतिमा किती जोरात सरकते आणि पडदा किती जोरात धावतो, या दोन वेगांच्या प्रमाणावर ते ठरतं. गाडा ४ मीटरवरून गेला तर १२७ मिमीच्या लेन्सने त्याची प्रतिमा फिल्मवर सेकंदाला ३३ सेंटिमीटरच्या आसपास सरकते. पडदा ३ मीटरने धावत असेल तर कल येतो साधारण ६ अंशांचा. १० मीटरवरून गेला तर अडीच अंशही नाही, डोळ्याला जाणवणार नाही. तुमच्या पेसमेकरवर स्प्रिंगचे दोनच ताण आहेत. १/५०० आणि १/१००० यांची फट एकच, फक्त १/५०० ला ताण कमी. म्हणजे पडदा निम्म्या वेगाने धावतो आणि कल दुप्पट होतो. तुमच्या ज्या फोटोत बैल सर्वांत जास्त कललेत तो १/५०० चा आहे, असं तुमच्या वहीतली नोंदच सांगते. घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, मागचं शटर वापरायचंच असेल तर ताण नेहमी जास्तीचा ठेवा. जुन्या, पेसमेकरच्या आधीच्या स्पीड ग्राफिकवर चार फटी आणि सहा ताण मिळून १/१० पासून १/१००० पर्यंत चोवीस वेग मिळायचे. तिथे तर एकच वेग जवळपास दोन वाटांनी गाठता येई, आणि जाणते लोक चपळ पडद्याची वाट धरत.

मग पुढच्या शटरने काढावं का? तिथे कल नाही, पण चित्र हलतं. १० मीटरवरून आडवा जाणारा गाडा १/४०० सेकंदात अडीच सेंटिमीटर सरकतो. फिल्मवर ते ०.३ मिमी होतं आणि ८×१० च्या प्रिंटवर ०.६ मिमीच्या आसपास. बैलाचा डोळा विरघळलेला दिसेल. शटर प्रत्यक्षात १/२५० चालत असेल तर त्याहून वाईट. मागच्या १/१००० ला तेच हलणं फिल्मवर ०.१३ मिमी, म्हणजे प्रिंटवर खपण्यासारखं.

माझा सल्ला असा. बारी, म्हणजे शर्यतीची फेरी, सुटते तिथे कडेला उभं राहू नका. घाटाच्या वरच्या टोकाजवळ, कठड्याच्या बाहेर सुरक्षित जागी, गाडा तिरका समोर येईल असे उभे रहा. समोरून येणाऱ्या गोष्टीचं सरकणं फिल्मवर फार कमी होतं. तिथे पुढचं शटरही पुरतं आणि कलाचा प्रश्न उरत नाही. आडवाच फोटो हवा असेल तर ८-१० मीटर मागे सरका, मागचं शटर १/१००० ला जास्त ताणावर लावा, आणि नंतर फ्रेम कापून घ्या. ४×५ ची निगेटिव्ह एवढी मोठी आहे की निम्मी कापली तरी उरलेला भाग भरपूर देतो.

वृत्तपत्रांचे छायाचित्रकार नेमके असेच काम करत. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रात्री-अपरात्री फिरणाऱ्या वीजी यांची पद्धत ठरलेली होती. एफ/१६, १/२००, अंतर १० फूट आणि फ्लॅशचा बल्ब. आपल्या १२७ मिमीवर हे गणित मांडून बघा. १० फुटांवर फोकस लावून एफ/१६ ठेवलं तर साधारण २.३ मीटरपासून ४.४ मीटरपर्यंत सगळं खपण्याइतकं स्वच्छ येतं. अंधारात अंतर जुळवणाऱ्या रेंजफाइंडरमध्ये डोळा घालायची गरजच नाही. माणूस पाच-सहा पावलांवर आला की दाबायचं. फ्लॅशसाठी नेहमी पुढचंच शटर. साधा बल्ब पेटून पूर्ण तेजाला यायला सुमारे २० मिलिसेकंद घेतो, म्हणून अशा शटरवर ‘एम’ची खूण असते आणि त्या खुणेवर पाकळ्या तेवढ्या थांबून उघडतात. हल्लीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लगेच उडतो, त्याला ‘एक्स’ लागतो. तो ‘एम’वर लावला तर फ्लॅश आधी उडून जातो आणि फिल्म कोरी राहते.

२३ फेब्रुवारी १९४५ ला जो रोझेन्थाल यांनी जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकन झेंडा उभारतानाचा फोटो स्पीड ग्राफिकनेच काढला. वेग १/४००, अ‍ॅपर्चर एफ/८ आणि एफ/११ च्या मध्ये. १/४०० हा पुढच्या शटरचा आकडा. आपल्याकडे होमाई व्यारावाला यांचं नाव घ्यायलाच हवं. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, १९४२ मध्ये दिल्लीला गेलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, हातात ही जड स्पीड ग्राफिक घेऊन त्या गर्दीत उभ्या राहत. होल्डरच्या एका बाजूला एकच फिल्म. फोटो काढला की डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी पातळ पट्टी, घालायची, होल्डर उलटायचा, पुन्हा स्लाइड काढायची, शटर ताणायचं. मग दुसरा फोटो. एका प्रसंगाला बहुतेक वेळा एकच फोटो मिळायचा, म्हणून त्या काळचे लोक आकडे पाठ करून ठेवत.

आता लेन्स. तुमची १२७ मिमीची एक्टार विकू नका. ४×५ फिल्मचा कर्ण १५० मिमीच्या थोडा वर जातो, म्हणजे १२७ ही किंचित रुंद लेन्स. छोट्या ३५ मिमी कॅमेऱ्यावरच्या ३५ मिमी लेन्सएवढं दाखवते. बातमीच्या कामाला हेच हवं होतं. थोडं जास्त घ्या, नंतर कापा. कोपऱ्यांत मात्र ती पूर्ण उघडी असताना मऊ पडते, एफ/११ ला सुधारते. लेन्सबोर्ड (लेन्स बसवलेली पाटी) वर-खाली सरकवायला तिच्यात फारशी जागा नाही. तिच्या कडेवर क्रमांकाआधी दोन अक्षरं असतात, ती वर्ष सांगतात. कोडॅकने ‘कॅमेरॉसिटी’ या शब्दाच्या दहा इंग्रजी अक्षरांना १ ते ९ आणि शेवटी ० असे अंक दिले होते. तुमच्या फोटोत अक्षरं ‘ई’ आणि ‘एस’ दिसतात, म्हणजे ४ आणि ७. लेन्स १९४७ ची आहे.

माणसांच्या फोटोंसाठी माझी पहिली पसंती २०३ मिमीची एफ/७.७ एक्टार. लहान, हलकी आणि तिच्या आकाराच्या मानाने विलक्षण धारदार. तिची अडचण एकच, एफ/७.७ वर घरात मागच्या काचेवरचं चित्र अंधुक दिसतं. डोक्यावर काळं कापड आणि हातात भिंग घेऊनच फोकस करावा लागेल. दीड मीटरवरच्या चेहऱ्यासाठी भाता, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याची पेटी यांना जोडणारी घड्यांची नळी, सुमारे २३५ मिमी बाहेर येतो. तुमचा भाता साधारण ३०० मिमीपर्यंत ताणतो, तेव्हा चिंता नाही. फक्त तेवढ्या ताणाला प्रकाश अर्ध्या स्टॉपच्या आसपास वाढवा. हे विसरलं की घरातली निगेटिव्ह पातळ येतात.

९० मिमी एफ/६.८ अँग्युलॉनही सुचवली जाते. कॅमेऱ्याला बसते, पण कटकटीची आहे. स्पीडच्या अंगात पडद्याची जाडी असल्यामुळे एवढी आखूड लेन्स जवळजवळ पेटीच्या तोंडाशी बसते, आणि समोरची फळी खाली न पाडल्यास तीच फोटोत येते. रुंद फोटोच जास्त काढायचे असतील तर क्राऊनच बरी.

स्पीड बाळगण्याचं खरं सुख वेगळ्याच लेन्सांत आहे, ज्यांच्यात शटरच नसतं अशा. जुन्या प्रोजेक्टरच्या, जुन्या स्टुडिओच्या, विमानातून टेहळणीसाठी बनवलेल्या. मागचा पडदा असल्याने त्या सगळ्या तुमच्या कॅमेऱ्यावर चालतात. त्यांतली सर्वांत नावाजलेली म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली १७८ मिमीची एफ/२.५ एरो एक्टार. अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड बर्नेट यांनी एकविसाव्या शतकातही ती स्पीड ग्राफिकला लावून काम केलं आहे. पूर्ण उघडी ठेवून दोन मीटरवर फोकस केलात तर स्वच्छ भाग जेमतेम ६ सेंटिमीटरचा. डोळे धारदार, कान धुक्यात. लेन्स फार जड, तिच्यासाठी बोर्ड आणि पुढची चौकट भक्कम हवी. तिच्या काचेत थोरियम आहे, म्हणून ती किंचित किरणोत्सारी असते आणि वयाने पिवळी पडते. काही आठवडे उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. डोळ्याला लावून बसायची किंवा उशाशी ठेवायची ती वस्तू नाही. कपाटात ठेवा.

लेन्स बदललीत की रेंजफाइंडरचा विचार करा. तुमच्याकडे बाजूला बसवलेला कॅलार्ट आहे. तो एका वेळी एकाच लेन्ससाठी जुळवलेला असतो. २०३ लावल्यावर तो खोटं अंतर दाखवेल. तो १२७ साठीच राहू द्या आणि दुसऱ्या लेन्सने काचेवर फोकस करा. रुळावरचे अनंताचे थांबे (खूप दूरचं स्वच्छ दिसावं म्हणून लेन्स जिथे थांबवायची त्या जागा) मात्र दोन्ही लेन्सांसाठी वेगळे लावून घ्या.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पेटीत बंद ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. ठेवताना दोन्ही शटर सैल सोडा, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक वेगावर दोन-दोन वेळा वाजवा. भात्यात बारीक भोकं आहेत का ते रात्री अंधाऱ्या खोलीत आतून विजेरी लावून बघा. तुमच्या चौथ्या निगेटिव्हवर डाव्या कोपऱ्यात जो धुरकट पट्टा आहे, तो मला भात्याच्या घडीतून आलेला वाटतो.

पुढची यात्रा जवळ आली आहे, म्हणून आधी एवढं करा. दोन्ही शटरचे सगळे वेग मोजा. कोरलेला आकडा आणि मिळालेला आकडा शेजारी-शेजारी लिहून कागद कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवा. पुढच्या शटरसाठी एफ/४.७ आणि एफ/१६ असे दोन रकाने करा. मग तो तक्ता मला पाठवा. मागच्या पडद्याचा १/१००० प्रत्यक्षात १/६०० च्या खाली निघाला तर स्प्रिंगला हात लावायच्या आधी मला फोन करा.